मागच्या काचेवरची पिवळी पाटी

मंडळी, बांबूंनी भरलेली गाडी रस्त्याने चालली असली म्हणजे बांबूंची टोके मागे चार-चार हात बाहेर आलेली असतात, आणि शेवटच्या टोकाला गाडीवानाने एक लाल फडके बांधलेले असते. ते फडके त्याला स्वतःला दिसत नाही. ते असते मागून येणाऱ्यासाठी. ‘बाबा रे, माझी गाडी इथपर्यंत आहे, जरा मागेच राहा,’ एवढेच ते सांगते. उसाच्या ट्रॉलीच्या पाठीवर रात्री चकाकणारी पट्टी आणि शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीवर पांढऱ्या पाटीत रंगवलेले लाल ‘एल’ ही त्याचीच भावंडे.

आता आणखी एक भावंड आपल्या रस्त्यांवर दिसू लागले आहे. मोटारीच्या मागच्या काचेवर एक पिवळी पाटी असते. चौकोनी खरी, पण कोपऱ्यावर उभी केलेली, आपल्या शंकरपाळ्यासारखी. तिच्यावर इंग्रजीत ‘बेबी ऑन बोर्ड’ असे लिहिलेले असते. म्हणजे गाडीत तान्हे मूल आहे. शाळेतल्या एखाद्या मुलाने ‘गुरुजी, गाडीत मूल आहे हे साऱ्या गावाला कशाला सांगायचं?’ असे विचारले, तर त्याला काय सांगाल? प्रश्न काही वेडगळ नाही.

या पाटीविषयी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. कुठेतरी मोठा अपघात झाला, मदतीला आलेल्या लोकांनी मोठ्या माणसांना बाहेर काढले, पण मोडक्या गाडीत एक तान्हे मूल राहून गेले आणि ते दगावले. तेव्हापासून मदत करणाऱ्यांना कळावे म्हणून ही पाटी निघाली. गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो, पण ती खरी नाही. आणि विचार करा, अपघातस्थळी आलेला शहाणा माणूस पाटी नाही म्हणून मागची बैठक पाहायचे सोडील काय? किंवा पाटी आहे पण मूल घरी आजीजवळ झोपले आहे, असेही व्हायचेच.

खरी हकिकत पुष्कळ साधी आहे. ती आहे अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्स राज्यातली. मायकेल लर्नर नावाच्या गृहस्थांवर एकदा आपल्या लहानग्या पुतण्याला मोटारीतून घरी पोचवायची पाळी आली. एरवी रस्त्यावरच्या घाईचे त्यांना काही वाटत नसे. पण त्या दिवशी मागचा ड्रायव्हर अगदी पाठीला लागला, कुणी बाजूने आडवा घुसला, तेव्हा मूल घेऊन जाणाऱ्या आईबापांचा जीव कसा टांगणीला लागतो ते त्यांना कळले. अशी पाटी युरोपात लावतात हे दोघी बहिणींनी तिकडे पाहिले होते. ती कल्पना लर्नर यांच्यापर्यंत आली आणि १९८४ साली त्यांच्या ‘सेफ्टी फर्स्ट’ या कंपनीने पाटी बाजारात आणली. दोन वर्षांच्या आत ती लाखांनी खपली. इतकी, की ‘सासूबाई डिकीत आहेत’ अशा थट्टेच्या पाट्याही लोक लावू लागले! असो.

तर पाटीचे काम हे: मागच्या ड्रायव्हरला विनंती करणे. त्याने अंतर ठेवावे, उगाच भोंगा वाजवू नये, आणि पुढची गाडी सावकाश चालली तर चिडू नये. ती पिवळी आणि शंकरपाळी का, याचेही उत्तर अमेरिकेतच आहे. तिकडे पुढे वळण आहे, असा इशारा देणारे सरकारी फलक याच रंगाचे आणि याच आकाराचे असतात. तिकडच्या ड्रायव्हरचा पाय तो आकार दिसताच आपोआप सैल पडतो. आपल्याकडे इशाऱ्याचा फलक लाल काठाचा त्रिकोणी असतो. त्यामुळे पाटी इकडे आली खरी, पण तिची निम्मी भाषा वाटेतच गळाली. आपल्याला आता अक्षरे वाचावी लागतात, आणि तीही इंग्रजी.

वाचण्यावरून एक गंमत सांगतो. गुरुजनांनी ही शाळेच्या मैदानावर करून पाहण्यासारखी आहे. पुठ्ठ्याची पाच इंच बाजूची पाटी करा, तिच्यावर दोन सेंटिमीटर उंचीची अक्षरे काढा आणि एका मुलाच्या हातात द्या. बाकीची मुले मागे मागे सरकू देत. बारा-चौदा मीटरच्या पलीकडे चांगल्या डोळ्यांच्या मुलालाही अक्षरे लागेनाशी होतील. आता हिशेब मांडा. ताशी ७२ किलोमीटरने धावणारी मोटार एका सेकंदात २० मीटर जाते. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे असा नियम सांगतात. म्हणजे झाले ४० मीटर. याचा अर्थ काय? या वेगात ज्याला पाटीवरचे शब्द वाचता येतात तो आधीच फार जवळ आलेला असतो. म्हणून अक्षरांपेक्षा रंगाने आणि आकारानेच पाटीने आधी बोलले पाहिजे. मुलांना हा हिशेब फळ्यावर कोरडा वाटेल, मैदानावर वाटणार नाही.

जपानात नव्या ड्रायव्हरसाठी पिवळ्या-हिरव्या पानाच्या आकाराची खूण आहे. १९७२ पासून परवान्याच्या पहिल्या वर्षी ती लावावीच लागते, आणि तशा गाडीच्या पुढे विनाकारण आडवे घुसणाऱ्याला दंड होतो. आपल्या ‘एल’लाही कायद्याचा आधार आहे. बाळाच्या पाटीमागे आपल्याकडे असला कायदा नाही. ती नुसती विनंती. आणि विनंती खरी असेल तोवरच चालते. लर्नर यांच्या पाटीला रबराची वाटी होती, ती काचेला दाबून बसवायची आणि मूल उतरले की काढून ठेवायची. आपण मात्र चिकटपट्टीची पाटी आणतो आणि मूल शाळेत जाऊ लागले तरी ती तशीच! मग ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे मागच्या ड्रायव्हरचे होते. आणि पाटी काचेच्या मध्यभागी लावली तर आपल्यालाच मागचे दिसत नाही. ती खालच्या कोपऱ्यात बरी.

पण माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी माझा भाचा नव्या मोटारीतून आमच्याकडे आला. मागच्या काचेवर पिवळी पाटी झळकत होती. पुढच्या बैठकीवर सूनबाई, आणि तिच्या मांडीवर आठ महिन्यांचे बाळ.

मी म्हटलं, “अरे, पाटी लावलीस ती कुणासाठी?”

“मामा, मागच्यांसाठी.”

“आणि पुढं काही आडवं आलं तर?”

त्यावर तो हसला. “ती घट्ट धरते की!”

मग मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. गाडी ताशी ३६ किलोमीटरनेच चालली आहे असे धरू, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ती कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे शंभर किलो वजनाइतका जोर लागतो. ज्वारीचे क्विंटलचे पोते, आणि तेही अचानक. कोणत्या आईचे हात ते तोलतील? त्यातून पुढच्या बैठकीसमोर हवेची पिशवी असते. ती मोठ्या माणसासाठी, तान्ह्यासाठी नव्हे.

त्यासाठी मुलाची वेगळी खुर्ची मिळते. ती मागच्या बैठकीला पट्ट्याने आवळायची आणि तान्ह्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करायचे. तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. पाठमोरे बसवले की धक्का पाठीभर वाटला जातो. कायदाही याच बाजूचा आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. भाच्याने दंडाचे ऐकले तेव्हा मान हलवली. पोत्याचे ऐकून सूनबाई मात्र त्याच वेळी मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. खुर्ची पुढच्या आठवड्यात आली.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे मोटार नसेल, मोटारसायकल असेल. तिला काच नाही आणि पाटीही नाही. मूल आईबापांच्या मधे नाही तर पेट्रोलच्या टाकीवर बसलेले असते. त्यासाठी केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत नियम केला आणि तो २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. चार वर्षांखालचे मूल असेल तर वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे, आणि त्याला पट्ट्याने चालवणाऱ्याशी जोडायचे. हा पट्टा म्हणजे बिनबाह्यांच्या बंडीसारखा असतो. बंडी मुलाच्या अंगात घालायची आणि तिचे बंद चालवणाऱ्याने आपल्या खांद्यांत अडकवायचे. बाजाराहून परतताना उन्हाने आणि हेलकाव्यांनी मुलाला झोप लागते, तेव्हाही ते बाजूला कलंडत नाही.