लग्नाचा मांडव आणि ओढ्याची वीज

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाना ओलीसारख्या दाट वस्तीत मोठ्या कार्याला जागा मिळत नाही. शहराच्या आसपास शेतजमिनीवर मॅरेज गार्डन उभी राहतात ती त्यामुळेच. तिथे जवळून एखादा ओढा वाहत असला की ‘टर्बाइन बसवू, वीज फुकट’ हा विचार हमखास सुचतो.

वीज ठरते ती पाणी किती आणि किती उंचीवरून पडते यावर. ओढा नुसता रुंद असून भागत नाही. दिवे, ध्वनिक्षेपक, कूलर आणि भटारखाना मिळून ३० किलोवॅट भार धरला आणि पाण्याची पड ५ मीटर असली, तर ६० टक्के कार्यक्षमतेला सेकंदाला सुमारे १,००० लिटर पाणी लागते. पड ५० मीटर असेल तर १०० लिटर पुरते. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्येच १३० किलोवॅटचे केंद्र चालू झाले, ते डोंगरउतारामुळे. ग्वाल्हेरच्या सपाटीवर असा उतार क्वचितच सापडतो.

‘मग पाणी तळ्यात साठवू’ हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. १० लाख लिटरचे तळे ५ मीटरवरून रिकामे केले, तर त्याच कार्यक्षमतेने जेमतेम ८ युनिट वीज मिळते. वरचा भार त्यावर पाव तासच चालतो. बोअरचे पाणी टाकीत चढवून तेच टर्बाइनवर सोडल्यास पंपाला लागलेल्या विजेपेक्षा कमीच वीज परत येते.

बांधही किरकोळ काम नव्हे. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवरचे तिघरा धरण १९१७ मध्ये फुटले. पायातून झिरपलेले पाणी हे त्याचे कारण. छोट्या बंधाऱ्यालाही पाया तपासणारा अभियंता हवा आणि पाणी वळवायला परवानगी हवी. टर्बाइन पाणी संपवत नाही हे खरे, पण वळवलेल्या टप्प्यात ओढा कोरडा पडतो.

खरी अडचण पंचांगातच आहे. ग्वाल्हेरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्ने होत नाहीत. ओढा भरून वाहतो तेव्हा मांडव रिकामा, आणि वैशाखात मांडव भरतो तेव्हा ओढ्यात दगड दिसतात.

अपवाद कालव्याचा. ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या हरसी धरणाच्या कालव्यासारखे कालवे रब्बीला वाहतात, म्हणजे मार्गशीर्षातल्या लग्नांच्या वेळी पाणी असू शकते. कालव्यातल्या पायरीसारख्या पडीवर लहान संच बसतो. मात्र पाणी पाळीने सुटते आणि त्यावर पहिला हक्क शेताचा, म्हणून मुहूर्ताच्या रात्री त्यावर विसंबता येत नाही.

या भागात छतावरचे सौर पॅनेल, वीज कंपनीची जोडणी आणि राखीव जनरेटर हीच व्यवहार्य सोय आहे. तरीही ओढ्याचा मोह सुटत नसेल, तर टर्बाइनचा भाव विचारण्याआधी ओढ्याचा प्रवाह वैशाखात मोजावा.