सागरी सफर, वाइन आणि मधुमेहाची गोळी

कॅलिफोर्नियात मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांना ‘हायवे वन’ची मोटारसफर बहुधा घडतेच. मॉन्टेरेहून दक्षिणेला निघाले की उजवीकडे समुद्र, डावीकडे बिग सरचे डोंगर. वळणांनी पोट ढवळते, म्हणून जेवण टाळले जाते. पुढे कॅम्ब्रियाहून आत वळून पासो रोबल्सच्या द्राक्षमळ्यांत रिकाम्या पोटी वाइन चाखली जाते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना धोका येथेच आहे.

एरवी जेवण चुकले तर यकृत साखर रक्तात सोडते. मद्य पोटात गेले की ते त्याच्या निचऱ्यात गुंतते आणि रक्तातील साखर उतरते. कधी काही तासांनी, रात्री झोपेतसुद्धा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते. घरचे म्हणतात, ‘बाबांना चढली’, आणि झोपू देतात. झोपू देऊ नये! साखर तपासावी, यंत्र नसल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता ९११ ला फोन करावा.

मुळात वाइन चालेल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्या दिवशीचा मुक्काम पासो रोबल्सलाच ठेवावा. आधी जेवण, मग वाइन. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. उलटीच्या गोळीवर वाइन घेतल्यास गुंगी फार येते. चाखून थुंकायला तेथे भांडे ठेवलेले असते, ते न लाजता वापरावे. गाडी चालवणाऱ्याने मात्र नुसती द्राक्षे खावीत.