दोन चांदीची काठी, पंधरा सोन्याची तलवार

आजचा अख्खा भाग एकाच शस्त्रावर आहे: काठी. डंजन्स अँड ड्रॅगन्समधली क्वार्टरस्टाफ.

विषय निघाला तो आमच्या टेबलावरून. एक मैत्रीण नव्याने खेळायला आली आहे. तिला मेंढरं राखणारी म्हातारी ड्रुइड करायची होती, हातात काठी. लगेच सल्ले सुरू झाले, “काठी काय घेतेस? तलवार घे ना!” आता पात्र तिच्या मनातलं, आणि नुसता आकडा लहान दिसतो म्हणून तिने ते बदलायचं का? मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हटलं आधी हिशोब मांडू.

२०१४ च्या नियमांत काठीची किंमत २ चांदीची नाणी. एका हाताने मारली तर सहा बाजूंचा फासा, दोन हातांनी मारली तर आठ बाजूंचा. लाँगसोर्डची किंमत १५ सोन्याची नाणी. फासे आठ आणि दहा बाजूंचे. एका सोन्याच्या नाण्याला चांदीची १०, म्हणजे तलवार ७५ पट महाग. आणि सरासरी नुकसानीत फरक किती? फक्त १. हो, एक! बाकी सगळं ठरतं ते मारणाऱ्याच्या ताकदीवर.

पण काठी मुळात कमी का धरली? माझ्या मते, गेमने काठीची खरी ताकदच मोजलेली नाही. ती ताकद म्हणजे लांबी. जॉर्ज सिल्व्हर नावाच्या इंग्रज तलवारबाजाने १५९९ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्याने काठीला दोन हाती तलवारीच्याही वर ठेवलंय. त्याची काठी माणसापेक्षा बरीच उंच, आठ-नऊ फुटांची. १६२५ मध्ये रिचर्ड पीक हा इंग्रज स्पेनमध्ये कैदी होता. हॅलबर्डचं पातं काढून उरलेल्या दांड्याने तो एकाच वेळी तीन तलवारवाल्यांशी लढला आणि जिंकला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गेममधल्या काठीला मात्र ‘रीच’ नाही. तलवारीसारखीच पाच फुटांपर्यंत पोचते. लांबी काढून घेतली की उरतं काय? लाकूड.

गंमत अशी की काढून घेतलेली ताकद नियमांनी दुसऱ्या वाटेने परत दिली आहे.

पहिली वाट शिलेली, ड्रुइडचा छोटा मंत्र. मैत्रिणीचंच पात्र घ्या. पहिली लेव्हल, ताकद ८, विझडम १६, समोरच्या राक्षसाचा आर्मर क्लास १३. मंत्राशिवाय दोन हातांनी मारलं तर फटका लागण्याची शक्यता ४५ टक्के, लागला तर सरासरी नुकसान ३.५. मंत्र टाकला की ताकदीच्या जागी विझडम धरतात आणि एका हातानेही आठ बाजूंचा फासा मिळतो. शक्यता ६५ टक्के, नुकसान ७.५. क्रिटिकल बाजूला ठेवलं तर दर वाराला सरासरी १.६ वरून ४.९. तिप्पट! वर दुसरा हात मोकळा, त्यात लाकडी ढाल, म्हणजे आर्मर क्लास २ ने वाढला.

दुसरी वाट पोलआर्म मास्टर हे फीट. काठीने हल्ला केल्यावर बोनस ॲक्शनमध्ये दुसऱ्या टोकाने आणखी एक फटका, चार बाजूंच्या फाशाने. शिवाय शत्रू टप्प्यात शिरताच त्याला मारता येतं. एक लक्षात ठेवा: शिलेली टाकायलाही बोनस ॲक्शनच लागते. त्यामुळे ज्या टर्नला मंत्र टाकाल, त्या टर्नला दुसऱ्या टोकाचा फटका नाही.

तिसरी वाट २०२४ च्या नियमांत आली. काठीला ‘टॉपल’ मिळालं: फटका लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, चुकला की आडवा. मग शेजारी उभ्या तुमच्या सगळ्या साथीदारांना त्याच्यावर ॲडव्हांटेज. पण धनुष्यवाल्याला विचारून करा बरं का, कारण पडलेल्यावर लांबून मारताना त्याला डिसॲडव्हांटेज लागतो. आणि यासाठी वेपन मास्टरी हवी. ती फायटर, रोग वगैरेंना मिळते, ड्रुइडला आपोआप मिळत नाही.

तर सांगायचं इतकंच की शस्त्रांच्या तक्त्यातला फासा हा हिशोबाचा सगळ्यात छोटा तुकडा आहे. फटका कुठल्या गुणावर लागतो, एका टर्नला किती वेळा मारता येतं, दुसऱ्या हातात काय आहे, हे आधी बघा. नव्या खेळाडूला “हे घेऊ नको” म्हणण्याआधी “तुला कोण व्हायचंय?” एवढं विचारा. बहुतेक वेळा त्या पात्रासाठी नियमांत वाट असते, ती शोधून देणं हे आपल्यासारख्या जुन्या खेळाडूंचं काम.

आमच्या म्हातारीने काठीच घेतली आहे. ढालही घेतली. तुमच्या टेबलावर कुणी काठीवाला असेल तर तो कुठल्या वाटेने गेलाय, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!