बागेलाही ताण द्यावा लागतो

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे ७-८ पर्यंत उतरतो. नर्सरीतून हौसेनं आणलेली झाडं एप्रिलमध्येच माना टाकतात. मग सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभं राहणं आलं. माझ्या मते बाग बिघडते ती इथेच.

रोज शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटं मातीतच मुरतं. मुळंही तिथेच पसरतात आणि नेमकी तीच माती उन्हात तापते. मूळ धरलेल्या झाडाला आठवड्यातून एकदाच, पण वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. ओलीमागे मुळं खाली उतरतात. संत्र्याचे बागायतदार बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात, ते विदर्भाला नवं नाही. बोगनवेलही तशीच. पाणी भरपूर मिळालं की नुसता पाला, जरा तहानली की रंगानं लदते.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून ओल उडते, बारीक मुळं तुटतात. बुंध्यापासून थोडी जागा सोडून चार बोटं जाड पालापाचोळा पसरला, की हे बरंचसं टळतं. कडुनिंबाचा पाला झाडून पेटवून देताना कुणी दिसलं, की जीव तुटतो.

नव्या रोपाशेजारी कुंभाराकडचं साधं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, झाकण ठेवा. माती सुकेल तसं पाणी झिरपतं. ओल असली की झिरपणं आपोआप मंदावतं. कूलरच्या तळाचं पाणी मात्र झाडांना नको. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात आणि पानांच्या कडा करपतात.

कुंड्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतंच, म्हणून त्या मोजक्याच ठेवाव्यात. जमिनीत कण्हेर (विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर नको), अडुळसा, पारिजातक, सीताफळ लावा. जागा असेल तर बहावा हवाच. ऐन उन्हाळ्यात तो पिवळ्या घोसांनी भरतो. चाफा थंडीत पानं गाळतो, तेव्हा तो वाळला समजून पाणी ओतू नका, मुळं कुजतात.

लागवड मृगाचा पाऊस नीट पडल्यावर करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळांना आठ-नऊ महिने मिळतात. तरी पहिल्या उन्हाळ्यात ताण नको. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा पाणी द्यावंच लागतं.