ट्रक परतल्यानंतरचं काम

डिसेंबर १९८९मध्ये हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि रोमेनियातल्या बालगृहांची दारं जगासाठी उघडली. आत एक लाखाहून अधिक मुलं होती. त्यातली बहुतेक अनाथ नव्हतीच. लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६मध्ये ७७० क्रमांकाच्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आणली होती. पोसणं जमेना, तेव्हा गरीब घरांनी मुलं सरकारच्या हवाली केली.

अपंग मुलांची परवड सर्वांत मोठी. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलांची वर्गवारी होई आणि ‘सुधारण्यापलीकडची’ असा शिक्का बसलेल्यांची रवानगी आडगावच्या संस्थांमध्ये होई. पोलिओने एक पाय अधू झालेल्या इझिदोर रुकेलचं बालपण सिगेत इथल्या अशाच संस्थेत गेलं. १९९१मध्ये तो दत्तक जाऊन अमेरिकेत पोहोचला. त्याच्या सोबतच्या कित्येकांना हे भाग्य लाभलं नाही. १९९०च्या वसंतात चिगिद इथल्या बालगृहाची दृश्यं जर्मन टीव्हीवर दिसली आणि युरोप हादरला.

मग मदतीचे ट्रक निघाले. दूध पावडर, ब्लँकेटं, औषधं, खेळणी असं सगळं आलं आणि त्याने जीव वाचले, हे विसरता येणार नाही. पण वर्षानुवर्षं गजांच्या पलंगात पडून राहिलेल्या मुलाचे स्नायू आखडतात, गुडघे वाकलेल्या स्थितीतच घट्ट होतात, पाठीचा कणा एका बाजूला झुकतो. त्यावर ब्लँकेटचा उपाय नाही.

साधं जेवणच घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उताणं झोपवून बाटलीने पेज पाजली, तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. फिजिओथेरपिस्ट आधी त्याची बैठक सुधारते: पाठीला टेकू, कंबर आणि गुडघे दुमडलेले, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. मग एकेक चमचा, गिळलं की पुढचा. एका मुलाच्या जेवणाला अर्धा तास सहज जातो. पंधरा-वीस मुलं सांभाळणाऱ्या आयाने तो कुठून काढावा? मुलांच्या हालांचं मूळ तिच्या निर्दयपणात शोधण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

परदेशी स्वयंसेवक आले, त्यांनी मुलांना बसवलं, उभं केलं. पण हे उपचार महिनाभराचे नसतात. ताण देण्याचे व्यायाम थांबले की सांधे पुन्हा आखडू लागतात. मूल वाढलं की स्प्लिंट आणि कॅलिपर बदलावे लागतात. म्हणूनच खरा उपयोग झाला तो स्थानिक माणसं शिकवून त्यांच्या पगाराची सोय करणाऱ्या मदतीचा.

२००१च्या सुमारास बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती अधिक दिसली. २००४च्या कायद्याने दोन वर्षांखालची मुलं संस्थेत ठेवायला मनाई केली. अपवाद मात्र ठेवला तो तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांचा. ज्यांना मायेच्या हातांची सर्वाधिक गरज, तीच पुन्हा मागे राहिली. हा अपवाद मला आजही सलतो.

आपल्याकडेही वाढदिवसाला बालगृहात गोडाचं जेवण देण्याची चांगली रीत आहे. ती राहू द्यावी. पण अपंग मुलांच्या संस्थेत गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: इथे फिजिओथेरपिस्ट रोज येतो का, आणि त्याचा पगार कोण देतं? आपण चार-सहा मित्रांनी मिळून तो पगार वर्षानुवर्षं उचलला, तर एखादं मूल स्वतःच्या हाताने जेवू लागेल. रोमेनियाने फार मोठी किंमत मोजून शिकवलेला हा धडा आपण फुकट का घालवावा?