विश्लेषण : कुर्दांची बोहतान अमिरात कशी बुडाली? बद्रखान बेग कोण होता?

तुर्कीच्या आग्नेय भागात, सीरियाच्या सीमेलगत, तैग्रिस नदीकाठी जिझरे हे शहर आहे. एकेकाळी ही बोहतान या कुर्द अमिरातीची राजधानी होती. तिचा शेवटचा बलाढ्य अमीर बद्रखान बेग याची सत्ता ऑटोमन साम्राज्याने १८४७ मध्ये संपवली. मात्र, हा केवळ रणांगणावरचा पराभव नव्हता.

स्वायत्तता कुठून आली?

१५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत ऑटोमनांनी इराणच्या सफवींना हरवले. त्यानंतर सीमेवरील कुर्द अमिरांशी समझोता झाला. अमिरांनी सुलतानाशी निष्ठा राखायची, सीमा सांभाळायची. त्या बदल्यात गादी त्यांच्याच घराण्यात राहणार होती.

ठिणगी कशी पडली?

१८३९ मध्ये निझिप येथे इजिप्तच्या फौजेने ऑटोमन सैन्याचा धुव्वा उडवला. पूर्वेकडील पकड सैल होताच बद्रखानचा दबदबा वाढला. त्याच वर्षी साम्राज्याने ‘तंझिमात’ सुधारणा जाहीर केल्या. करवसुली आणि प्रशासन थेट केंद्राच्या हाती घेण्याकडे त्यांचा रोख होता. १८४२ मध्ये जिझरे मोसुलला जोडून उर्वरित बोहतान दियारबकरकडे ठेवण्याचा घाट घातला गेला. म्हणजे लढाई न करताच अमिरातीचे दोन तुकडे होणार होते! बद्रखानने विरोध केला. हक्कारीचा नूरुल्ला बेग आणि व्हान सरोवराच्या दक्षिणेकडील खान महमूद यांच्याशी त्याने हातमिळवणी केली.

बाजी कशी पलटली?

१८४३ आणि १८४६ मध्ये बद्रखान व त्याच्या साथीदारांच्या फौजांनी हक्कारी परिसरातील नेस्टोरियन ख्रिश्चनांवर हल्ले केले. हजारो लोक मारले गेले. ब्रिटन आणि फ्रान्सने सुलतानावर कारवाईसाठी दबाव आणला. १८४७ मध्ये उस्मान पाशाची फौज चालून आली. ऐन लढाईत बद्रखानचा नातलग यझदानशेर शत्रूला मिळाला. बद्रखानने एव्रेह किल्ल्याचा आसरा घेतला. पण अखेर तो शरण आला. त्याची क्रीट बेटावर रवानगी झाली. पुढे दमास्कसमध्ये त्याचा मृत्यू झाला.

फितुरीचे फळही फार काळ टिकले नाही. यझदानशेरला जिझरेचा कारभार मिळाला, पण नंतर तो काढून घेण्यात आला. क्रिमियन युद्धाच्या काळात त्यानेही बंड केले.

मागे काय उरले?

१८९८ मध्ये बद्रखानचा मुलगा मिकदाद मिधत याने कैरोतून ‘कुर्दिस्तान’ हे पहिले कुर्दी वृत्तपत्र काढले. नातू जलादत याने १९३२ मध्ये दमास्कसमध्ये ‘हावार’ नियतकालिक सुरू करून कुर्दीसाठी लॅटिन वर्णमाला रुजवली. तुर्की आणि सीरियातील कुर्द आजही प्रामुख्याने तीच वापरतात. अमिरात गेली, लिपी मात्र टिकली.