पाठीवरची सॅक, सोबत्याचा जीव

सह्याद्रीत भटकणाऱ्या अनेक मुलामुलींना आता हिवाळ्यात काश्मीरमधले गुलमर्ग खुणावू लागले आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे, हा स्नोबोर्डिंगचा खेळ. गुलमर्गला २०२० मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, त्यांतही त्याला स्थान आहे. हात बसला की अनेकांची नजर देखरेखीखालचे उतार सोडून पलीकडच्या अस्पर्श डोंगराकडे वळते. त्यालाच 'बॅककंट्री' म्हणतात.

मग घरात खरेदीची यादी तयार होते. बोर्ड, बूट, हेल्मेट, गॉगल यांसाठी भरपूर पैसे मोजले जातात. सॅकची वेळ आली की मात्र, ''ट्रेकची आहे की घरात, नवी कशाला?'' असा सूर निघतो. इथेच थोडे थांबायला हवे.

आधी धोका ओळखा

गुलमर्गचा रोपवे प्रवाशांना अफरवट डोंगरावर सुमारे ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेतो. तिथले ठरावीक उतार गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतात. त्यांच्या बाहेर बर्फ केव्हा सुटेल याची हमी कोणीच देत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला.

बर्फाखाली गाडलेल्या बहुतेकांचा मृत्यू गुदमरून होतो. स्वित्झर्लंडमधील चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना दहा मिनिटांच्या आत बाहेर काढले, त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक लोक वाचले. अर्धा तास उलटला की हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरते. एवढ्या वेळात खालून मदत पोहोचणे कठीण. वाचवणार ते शेजारी उभे असलेले सोबतीच, आणि तेही त्यांच्या सॅकमध्ये योग्य सामान असेल तर! आपल्या सॅकमधले फावडे आपल्या सोबत्यासाठी असते. आपल्यासाठीचे त्याच्या पाठीवर असते. म्हणून सॅक निवडताना पहिला प्रश्न एकच विचारा: यातून फावडे किती लवकर निघेल?

तीन वस्तू, त्यांच्या जागा

बॅककंट्रीत तीन वस्तू प्रत्येकाजवळ हव्यातच. पहिली, संदेश पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र, म्हणजे ट्रान्सीव्हर. ते सॅकमध्ये कधीही ठेवू नये. सॅक ओढली जाऊन वेगळी झाली, तर शोधणारे सॅकपाशीच पोहोचतील! ते जाकिटाच्या आत, अंगाला बांधलेले असावे. दुसरी वस्तू प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणसाचा ठाव घेण्याची घडीची काठी. ती किमान २४० सेंटिमीटर लांब हवी. तिसरी, धातूच्या पात्याचे घडीचे फावडे. घट्ट बसलेल्या बर्फापुढे प्लॅस्टिकचे पाते टिकत नाही.

प्रोब आणि फावडे यांच्यासाठी सॅकला बाहेरून उघडणारा स्वतंत्र कप्पा हवा. डबा, पाणी, जादा स्वेटर उपसून तळातून फावडे काढायचे म्हणजे मोलाची मिनिटे गमावणे होय. ट्रेकची नेहमीची सॅक नेमकी इथेच कमी पडते.

आकार आणि माप

एका दिवसाच्या फेरीसाठी २५ ते ३५ लिटरची सॅक पुरते. फार मोठी घेतली की ती भरण्याचा मोह होतो आणि उतरताना तोल जातो. माप उंचीवरून न ठरवता पाठीवरून ठरवा. मान खाली घातली की मागे जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. मुलींसाठी आखूड पाठीच्या सॅक मिळतात, त्या जरूर घालून पाहाव्यात.

पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक सोयीची. ती बर्फावर टेकवली तरी अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते.

बोर्ड कसा बांधाल?

चढताना बोर्ड पाठीवर येतो. दीड मीटर लांबीची ही फळी उभी बांधता येईल असे मजबूत पट्टे सॅकला हवेत. मधोमध दुभंगणारा स्प्लिटबोर्ड असेल तर त्याचे दोन भाग दोन बाजूंना अडकवण्याची सोय पाहा. बोर्ड बांधल्यावरही फावड्याचा कप्पा उघडतो का, हे दुकानातच तपासा. लोंबणारे पट्टे लिफ्टमध्ये अडकू शकतात. ते खोचता यायला हवेत.

फुग्याची सॅक घ्यावी का?

काही सॅकमध्ये हवेचा मोठा फुगा असतो. खांद्याजवळची मूठ ओढली की तो क्षणात फुगतो. चिवड्याचा डबा हलवला की बारीक चुरा तळाशी जातो आणि मोठे तुकडे वर येतात. फुग्यामुळे माणूसही असाच मोठा होऊन वाहत्या बर्फात वर राहतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण फुगलेल्या फुग्यामुळे २२ वरून ११ टक्क्यांवर आले. मात्र, दर पाचांपैकी एक फुगा फुगलाच नाही, आणि त्यातही बरेचदा मूठच ओढली गेली नव्हती.

म्हणजे फुगा उपयोगी खरा, पण तो फावड्याला पर्याय नाही. खडकावर आपटण्यापासूनही तो पूर्ण संरक्षण देत नाही. या सॅकला मांडीतून जाणारा पट्टा असतो, तो न चुकता बांधावा. नाहीतर फुगा सॅकला डोक्यावरून ओढून नेईल. विमानाने जाताना गॅसचा सिलिंडर किंवा बॅटरी नेण्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्या. बजेट मर्यादित असेल तर साधी, पण योग्य सॅक घ्या आणि उरलेले पैसे हिमसुरक्षेच्या प्रशिक्षणावर व जाणकार स्थानिक गाइडवर खर्च करा.

घरी आल्यावर

दुकानात जाताना जाड जाकीट आणि हातमोजे बरोबर न्या. सॅकमध्ये सहा-सात किलो वजन भरून चाला, वाका. मोजे न काढता चेन आणि बकल उघडून पाहा. घरी आल्यावर घड्याळ लावून प्रोब व फावडे बाहेर काढून जोडण्याचा सराव करा. मिनिटाच्या आत जमेपर्यंत पुन्हापुन्हा करा, आणि हा सराव गटातल्या प्रत्येकाने करावा.

मुलगा किंवा मुलगी निघताना आपण, ''स्वेटर घेतलास ना?'' असे विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ''बरोबरच्यांच्या सॅकमध्ये फावडे आहे ना?''